होळीचा बाजार कागदावर

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना आपल्यापैकी अनेकजण शाळेत असताना बसले असतील. त्यात स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो. ‘बाजाराचं दृश्य’, ‘होळीचा सण’, ‘गणपती विसर्जन’ असले विषय आले की मुलं खूश होतात, कारण चित्र आधीच पाठ झालेलं असतं. डाव्या कोपऱ्यात भाजीवाली, उजवीकडे छत्री धरलेला फुगेवाला, मध्ये पाठमोरी बाई आणि तिच्या बोटाला धरलेलं मूल. मुंबईचा मुलगा हेच काढतो आणि खांडबाऱ्याचाही. खरं तर खांडबाऱ्याच्या मुलाने होळीच्या आधीचा बाजार स्वतः पाहिलेला असतो. पण परीक्षेच्या कागदावर तो उतरत नाही. ‘स्मरण’ म्हणजे मार्गदर्शक पुस्तकातलं चित्र आठवणं, असाच अर्थ होऊन बसला आहे.

आज मी बोलणार आहे ते या बाजाराच्या चित्राविषयी. गर्दीचं, सणाचं दृश्य कसं रेखाटायचं आणि त्यात मिश्र माध्यमांनी, म्हणजे पेन्सिल, शाई, मेण, जलरंग, पोस्टर कलर असं सगळं एकत्र वापरून, रंग कसा भरायचा. रेडिओवरून चित्रकला शिकवणं म्हणजे फोनवरून जिलबी वाढण्यासारखं आहे, पण एक फायदाही आहे. माझं चित्र तुम्हाला दिसत नसल्यामुळे त्याची नक्कल करता येणार नाही. स्वतःचं काढावं लागेल.

खांडबारा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव. याच मार्गावर पुढे नवापूरचं स्टेशन आहे, त्याचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. या भागातली वस्ती मुख्यतः मावची, कोकणी, भिल्ल अशा आदिवासी समाजांची. दिवाळी, दसरा इथे असतोच, पण सण म्हणावा तो होळीचाच. होळीच्या आधीच्या आठवड्यातले बाजार इकडे आणि सातपुड्यात विशेष भरतात. सातपुड्यातल्या काही बाजारांना भोंगऱ्या बाजार म्हणतात. साखरेचे हार-कंगण, डाळ्या, गूळ, खजूर, नवे कपडे, घुंगरं, कंबरेचे करगोटे, मण्यांच्या माळा यांची खरेदी होते. मोठमोठे ढोल बाहेर निघतात. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ, त्यामुळे हिवाळ्यापासून शहराच्या आसपासच्या मोकळ्या रानात मिरच्यांच्या पथाऱ्या लाल दिसत असतात. त्यात फाल्गुनात पळस फुललेला. रंग विकत आणायला जाण्याआधी एवढे रंग डोळ्यांसमोर असतात.

आता प्रश्न येतो तो सुरुवात कुठून करायची याचा. गर्दी पाहिली की नवशिक्याची छाती दडपते. शंभर माणसं आहेत, शंभर कशी काढणार? उत्तर सोपं आहे. शंभर काढायचीच नाहीत. पण त्याआधी आपण कुठे उभे आहोत ते ठरवायचं.

ही गोष्ट जरा नीट समजून घेऊ, कारण गर्दीची चित्रं बहुधा इथेच फसतात. तुम्ही सपाट जमिनीवर उभे आहात असं समजा. तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर कागदावर एक आडवी रेषा मारा. हीच क्षितिजरेषा. तुमच्याएवढ्याच उंचीचा माणूस दहा पावलांवर असो किंवा दोनशे पावलांवर, त्याचे डोळे याच रेषेवर येतील. तो लांब गेला की त्याचं डोकं खाली घसरत नाही, त्याचे पाय वर चढतात आणि अंग आखूड होतं. थोडक्यात, सगळी डोकी एका दोरीवर टांगल्यासारखी असतात आणि पावलं मात्र वेगवेगळ्या उंचीवर. मुलं नेमकं उलटं करतात, पावलं एका ओळीत आणि डोकी वरखाली. मग ती माणसं लांबची न वाटता बुटकी वाटतात. बाजारात जाऊन एकदा डोळ्यांसमोर पट्टी आडवी धरून बघा, पाच मिनिटांत पटेल.

आता तुम्ही खाली, हार-कंगण विकणाऱ्या बाईच्या शेजारी मांडी घालून बसलात. डोळ्यांची पातळी खाली आली. आता ती रेषा उभ्या माणसांच्या मांडी-कमरेच्या आसपास जाईल आणि जवळची माणसं डोंगरासारखी उंच होतील. बसलेल्या विक्रेत्यांचे चेहरे मात्र बरोबर रेषेवर. हेच दृश्य दुमजली दुकानाच्या गच्चीवरून पाहिलं तर रेषा पार वर जाते आणि माणसांचे फेटे, टोप्या, डोक्यावरच्या टोपल्या खाली पसरलेल्या दिसतात. तीन जागा, तीन वेगळी चित्रं. मला स्वतःला बसून पाहिलेला बाजार आवडतो. गच्चीवरून माणसं ठिपके होतात.

अर्थात क्षितिजरेषा हा गर्दी काढण्याचा एकमेव मार्ग नाही, हेही सांगायला हवं. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूर आणि अलीराजपूर भागातले राठवा आणि भिलाला लोक घराच्या भिंतीवर पिठोरा लिहितात. तिथे ‘चित्र काढणं’ म्हणत नाहीत, ‘लिहिणं’ म्हणतात. शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने पोतेरा केलेली भिंत, रंगात दूध आणि मोहाची दारू कालवलेली, आणि त्यावर घोडे, सूर्य, चंद्र, ताडाची झाडं, विहीर, शेत. अलीकडच्या भिंतींवर आगगाडी आणि विमानही येतं. जवळचं-लांबचं असा भेदच नाही. जे आहे ते सगळं सारखंच समोर. हे भिंत सजवणं नव्हे, तो नवसाचा विधी असतो. आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रांत तारप्याचा नाच गोल-गोल सर्पिलात फिरतो, त्यालाही क्षितिज नाही. तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि मागे गेरूची किंवा मातीची भिंत, एवढ्यावर जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ढोलाभोवती फिरणारी माणसं काढायची असतील तर मला तरी सरळ क्षितिजापेक्षा हा सर्पिल जास्त खरा वाटतो. मात्र एका चित्रात दोन्ही पद्धती घुसडू नका.

शहरी गर्दी रेखाटणाऱ्यांमध्ये आपल्याकडे पहिलं नाव घ्यावं ते रावबहादूर म. वि. धुरंधर यांचं. मूळचे कोल्हापूरचे, १८६७ चा जन्म. १८९० साली जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने त्यांनी त्या काळाच्या आठवणी लिहिल्या आहेत. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ च्या पुस्तकात धुरंधरांची चित्रं आहेत. त्यातल्या माणसांकडे पाहिलं की जाणवतं, प्रत्येकाचं पागोटं वेगळं, नेसण वेगळी, उभं राहण्याची तऱ्हा वेगळी. धुरंधर वेष काढत नाहीत, तो वेष वागवणारा माणूस काढतात. दुसरं टोक म्हणजे गोव्याचे मारियो मिरांडा. त्यांच्या रेषेतला बाजार गच्च भरलेला, माणसावर माणूस, आणि खालच्या कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा आपल्या विचारात. एक रेषा कुठे सोडून द्यायची हे धुरंधरांकडून शिकावं, आणि कुठेही सोडायची नाही हे मारियोंकडून.

आपण मधला रस्ता धरू. चित्रात पाच-सहा माणसं पुरती काढायची. बाकीची गर्दी हा एकच मोठा आकार समजायचा, वरच्या कडेला डोक्यांचे उंचवटे असलेला. त्यातून मध्ये-मध्ये भोकं ठेवायची, म्हणजे पलीकडचा उजेड दिसेल. मार्च महिन्यातलं दुपारचं ऊन डोक्यावरून येतं. त्यामुळे डोकी आणि खांदे उजळ, चेहरे सावलीत आणि पायाखाली छोटी काळपट सावली. सावल्या एकमेकींत मिसळल्या की माणसं जमिनीला धरून राहतात. जलरंगात पुण्याच्या मिलिंद मुळीकांची रस्त्यांची चित्रं पाहा, गर्दी किती थोडक्या फटकाऱ्यांत होते ते कळेल.

आता साहित्य. कागद जाड हवा. शाळेच्या चित्रकला वहीचा पातळ कागद पाणी लागताच पापडासारखा फुगतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० सालापासून हाताने कागद तयार होतो, तसा कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर दोनशे ग्रॅमच्या वरचा कुठलाही. तो फळीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवून घ्या. पेन्सिल टू बी. शाई मात्र पाण्याने न विरघळणारी हवी. फाउंटन पेनची साधी शाई ओल्या कुंचल्याखाली पळते, कधीकधी ते सुंदरही दिसतं, पण ते आपल्या हातात नसतं. ड्रॉइंगची काळी ‘वॉटरप्रूफ’ शाई घ्या. तिच्यात लाखेचा अंश असतो, म्हणून वाळल्यावर ती पाण्याला दाद देत नाही. काही नाही मिळालं तर बॉलपेन चालेल. टाक म्हणून बांबूची काडी तासून बोरू करा. नंदुरबारात बांबूला तोटा नाही, आणि बोरूची रेघ जाड-बारीक होत जाते ती निबाला जमत नाही. मग मेणाचे खडू, पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा, जलरंगाच्या वड्या आणि पोस्टर कलर. रंगाच्या कंपन्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली शाईपासून झाली. रंग त्यानंतर आले.

एवढी सगळी माध्यमं घेतली की खिचडी होण्याची भीती असते. ती होऊ नये म्हणून क्रम पाळायचा, आणि त्या क्रमामागे साधं विज्ञान आहे. मेण पाण्याला दूर लोटतं. म्हणून मेण पाण्याच्या आधी. जलरंग पारदर्शक असतो, तो गडद रंगावर बसला तरी दिसत नाही. म्हणून फिकट आधी, गडद नंतर. पोस्टर कलर अपारदर्शक, खालचं झाकतो. म्हणून तो शेवटी आणि थोडा. पेन्सिल, शाई, मेण, पातळ रंग, दाट रंग, असा हा ओघ. शाई वाळायला पुरता वेळ द्या. बोट लावून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो.

यातला मेणाचा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. होळीच्या दिवसांत नवस फेडणारे पुरुष अंगभर पांढरे ठिपके आणि रेघा काढून, डोक्यावर मोरपिसांचा किंवा बांबूचा उंच टोप घालून, कमरेला घुंगरं किंवा सुके भोपळे बांधून नाचतात. त्यांना बुध्या, बावा अशी नावं आहेत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत ते मोठ्या संख्येने दिसतात. तिथे उंच बांबूची होळी रात्रभर ढोलाच्या नादात राहते आणि पहाटे पेटते. आता असा बुध्या रंगवायचा तर बहुतेकजण आधी तपकिरी अंग रंगवतात आणि मग त्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचे ठिपके देतात. ते ठिपके चिकटवल्यासारखे दिसतात. त्याऐवजी कोऱ्या कागदावर मेणबत्तीच्या टोकाने आधी ठिपके द्या. कागद पांढरा, मेण पांढरं, काहीच दिसणार नाही, अंदाजाने द्यायचे. मग त्यावरून गेरू आणि थोडा अल्ट्रामरीन मिसळलेला पातळ रंग एका फटकाऱ्यात फिरवा. ठिपके आपोआप उमटून येतात, थोडे वेडेवाकडे, काही पुसट, काही ठळक, जसे घामाने भिजलेल्या अंगावर असतात तसे. साखरेच्या हार-कंगणांसाठी, चांदीच्या दागिन्यांसाठी, ढोलाच्या कातड्यावरच्या चमकेसाठीही हीच युक्ती. एकदा मेण बसलं की मागे येता येत नाही, म्हणून आधी तुकड्यावर करून बघा.

रंगांबद्दल एक-दोन गोष्टी. सणाचं चित्र म्हणजे सगळे रंग पूर्ण जोरात, असा समज आहे. तसं केलं की लाल लाल दिसत नाही. बाजारातली जमीन धुळीची, आकाश मार्चमध्ये धुरकट, पत्रे करडे. ही सगळी जागा यलो ऑकरच्या पाणीदार थराने, म्हणजे आपल्या पिवळ्या मातीच्या रंगाने भरून टाका. त्यात मिरच्यांचा एक ढीग शेंदरी-किरमिजी ठेवा, एका बाईचं लुगडं गर्द निळं-हिरवं. पुरे. सावलीला काळा रंग लावू नका, काळ्याने चित्र मळतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केला की उन्हातली सावली मिळते, निळसर हवी तर निळा वाढवायचा, उबदार हवी तर तपकिरी. हिरवाही बाटलीतून सरळ घेऊ नये. फाल्गुनात इथली झाडं अर्धी निष्पर्ण असतात, आणि पळसाला तर फुलं असतात तेव्हा पानं जवळपास नसतातच. पळसाखाली गर्द हिरवी पानं दिसली की समजावं, चित्रकाराने पळस कॅलेंडरात पाहिला आहे.

चिकटकामाचाही थोडा वापर करता येतो. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड सरळ चित्रावर चिकटवलं आणि त्याच सुमाराला ब्राक कागदाचे तुकडे चिकटवू लागला. आपल्याकडे पतंगाचा कागद कापून पताका लावणाऱ्या पोरांना त्यात नवल वाटलं नसतं. पताकांसाठी तोच कागद घ्या, पण तो ओला झाला की रंग सोडतो, म्हणून सगळं पाणी सुकल्यावर लावा. डाळ्या बांधून दिलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा दुकानाच्या भिंतीसाठी छान दिसतो. डकवायला गव्हाच्या पिठाची खळ चालते, फक्त तिला कसर लागते. बाइंडर लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या हाती द्यायचं नाही. मुलांना आपला बाजारचा डिंक बरा.

आता थोडं वेगळं, पण मला महत्त्वाचं वाटणारं. होळीच्या दिवसांत या भागात कॅमेरे फार येतात, हल्ली तर प्रत्येकाच्या खिशात एक आहे. बुध्या दिसला की घेर पडतो. नवस करणारा माणूस काही दिवस कडक पाळणी करतो, खाटेवर बसत नाही, जमिनीवर निजतो, घरच्यांपासूनही अंतर ठेवतो. त्याच्यासाठी तो वेष म्हणजे घेतलेलं व्रत आहे, आणि आपण त्याला ‘जरा इकडे बघ’ म्हणतो. रेखाटन करणाऱ्याला अशी घाई करता येत नाही, हा मी त्या कलेचा मोठा गुण मानतो. वही उघडून बसलात की लोक येतात, खांद्यावरून डोकावतात, ‘हा ढोल असा नाही, दोरी अशी ओढतात’ म्हणून सांगतात. विचारून बसावं. कुणी नको म्हटलं तर वही मिटावी. आणि त्याने सांगितलेली दोरी तशीच काढावी, कारण ढोलाची दोरी कशी ताणलेली असते ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पर्यटन पुस्तिकांमधल्या चित्रांत आदिवासी नाचतानाच दिसतो. बाजारात तो भावावरून घासाघीस करतो, पोराला खजूर घेऊन देतो, गाडीची वेळ झाली म्हणून पिशव्या आवळतो. ढोलाच्या जवळ हेही घडत असतं. पाच-सहा पुरत्या माणसांमध्ये दोघं-तिघं अशी असू द्या.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. मुलांना बाजारात नेताना रंग नेऊ नका. प्रत्येकाला चार टिपणं करायला सांगा, विडीच्या बंडलाएवढी लहान. पहिल्यात फक्त क्षितिजरेषा आणि डोकी. दुसऱ्यात फक्त काळं-पांढरं, उजेड कुठे आणि सावली कुठे. तिसऱ्यात एकच वस्तू, तराजू म्हणा, ढोल म्हणा. चौथं शब्दांत, कुठे कुठला रंग होता ते लिहून. घरी किंवा वर्गात आल्यावर मोठ्या कागदावर चित्र करायचं ते या चार टिपणांवरून. यालाच मी स्मरणचित्र म्हणेन. पहिल्या खेपेला मुलं तरीही फुगेवाला काढतील. काढू द्या. फक्त विचारा, त्या दिवशी बाजारात फुगेवाला कुठे उभा होता. आठवून सांगता आलं तर तो खरा, मग त्याला रंगवू द्या.

शेवटचा टप्पा पोस्टर कलरचा. सगळं सुकल्यावर, चित्र दोन हातांवर धरून बघा, कुठे उजेड कमी पडतो. तिथे दाट पांढऱ्याचा किंवा पिवळ्याचा एखादा ठिपका, फेट्याच्या कडेला, पितळी तराजूवर, ठिणगीला. दहाच्या वर ठिपके झाले की हात आखडा. मेणावर पोस्टर कलर लावायचा नाही, तो धरत नाही, सुकला की खपली निघते. चित्र रात्रभर सपाट ठेवा, उभं केलं तर ओला भाग ओघळतो. मग मागच्या बाजूला पेन्सिलीने गाव, वार आणि तारीख लिहा. खांडबाऱ्याहून गाडीने न्यायचं असेल आणि गुंडाळी करणं भागच असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, आत ठेवली की दाट रंगाला सुरकुत्या पडतात. आणि उन्हात, खिडकीशी ठेवू नका, त्यात मेण आहे.